वियार्तीची काळी खिडकी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मागाहून म्हणाल, म्हातारा सारवासारव करतोय. कुलूप लावलं की मी ते तीनदा ओढून बघतो. बायकोने पाठ करून चहा केला, की साखर कमी घातली असणार असं मला वाटतं. सुमिनी, म्हणजे माझी बायको, म्हणते, "तुमच्या सावलीला तरी तुम्ही मागून येऊ देता का?" देतो. पण मधूनमधून वळून बघतो.

अशा माणसाच्या हातात जावातल्या आमच्या कारांगसेपी गावाने रेडिओच्या किल्ल्या दिल्या. रेडिओ म्हणजे सभागृहाच्या मागच्या दोन खोल्या, छपरावर बांबूला बांधलेला अँटेना, आणि भातखाचरांपलीकडच्या तीन वस्त्यांपर्यंत जेमतेम पोचणारा आवाज. निवेदक मी, कासिरान. प्रमुख पाक मार्तोयो, शाळेचे निवृत्त हेडमास्तर. (आमच्याकडे मानाने पुरुषाला पाक म्हणतात आणि बाईला बू.) अजूनही ते बोलताना खडूची धूळ झटकल्यासारखी बोटं झटकतात. आमची खरी इस्टेट एका लोखंडी कपाटात होती. चाळीस वर्षांत गावात झालेल्या वायांगच्या, म्हणजे बाहुल्यांच्या खेळांच्या कॅसेटी.

त्यातल्या सगळ्यात मोलाच्या गायिका न्यी रुबिनाच्या गाण्यांच्या. बाई आता ऐंशीच्या पुढे आहे. एके काळी वाद्यांच्या मधोमध मांडी घालून ती गायला लागली, की चहावाला किटली खाली ठेवायचा. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. आता कानाशी तोंड आणून कुजबुजते. तिच्या नातवंडांनी तिचं गाणं कधी ऐकलेलं नाही.

कॅसेटींना बुरशी चढायला लागली तेव्हा पाक मार्तोयोंनी त्या कॉम्प्युटरवर उतरवायला माणूस शोधला, आणि माणूस म्हणून वियार्ती आली.

पंचेचाळीस-अठ्ठेचाळीसची बाई. काटकुळी, केसांना प्लास्टिकचा चाप, आणि पिशवीत स्वतःचा झाकणवाला ग्लास. दुसऱ्याच्या ग्लासातला चहा ती पीत नसे. का पीत नसेल, याची मी मनात नोंद केली. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं शहरात इंटरनेटचं दुकान होतं. तेरा वर्षं चाललं. मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला, दुकान बसलं, पाठोपाठ नवरा गेला, आणि ती एक शिलाई मशीन घेऊन आईच्या घरी परत आली.

पहिल्या दिवशी आल्या आल्या तिने काय केलं असेल? कॉम्प्युटरचा माऊस उपटला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. मग पडद्यावर एक काळी खिडकी उघडली, तीत पांढरी अक्षरं, ना चित्र ना काही, आणि ती टकाटक टाइप करायला लागली. टीव्हीवर मी अशा खिडक्या बघितल्या होत्या. त्यांच्यासमोर नेहमी बँका लुटणारे बसलेले असतात.

"बू वियार्ती, माऊसशी काही भांडण झालंय का?" मी विचारलं.

"सवय नाही राहिली, पाक," ती म्हणाली. "दुकानात पोरं माऊसमधली गोळी काढून न्यायची, गोट्या खेळायला. महिन्यातले वीस दिवस अर्धे माऊस आंधळे. गिऱ्हाईक ताटकळत ठेवणार किती? मग मी बोटांनीच सगळं करायला शिकले."

गोष्ट पटण्यासारखी होती. म्हणूनच मला पटली नाही. इतकी बेतशीर सबब घरून जुळवून आणल्याशिवाय सुचते का? मी खुर्ची ओढली आणि तिच्या मागे जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशीही बसलो, आणि मग रोजच बसू लागलो.

तिला मी मागे बसल्याचं काही वाटत नसावं. वाटत असलं तरी तिने तसं दाखवलं नाही. उलट मला शिकवायलाच लागली.

"हे काय लिहिलंत?"

"विचारलं, मी कुठे उभी आहे."

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"मला वाटतं ठाऊक आहे. पण त्याला विचारलेलं बरं." तिने पीडब्ल्यूडी अशी तीन अक्षरं दाबली होती. खाली एका ओळीत पत्ता उमटला. "आता एलएस. म्हणजे इथे कोण कोण आहे." नावांची रांग आली. "कोणाच्या घरात गेलं की आपण आधी बघतो ना, ओसरीवर आहोत की स्वयंपाकघरात, आणि कोण कोण बसलंय? मगच तोंड उघडतो. इथेही तेच. न बघता बोलणाराच फसतो."

"आणि एवढी लांब नावं सगळी टाइप करायची?"

"छे. पहिली दोन-तीन अक्षरं, मग टॅब. उरलेलं तो भरतो. नाही भरलं, तर त्या नावाचं तिथे कोणी नाही, नाहीतर दोघं-तिघं आहेत. दोन्ही गोष्टी वेळेवर कळलेल्या बऱ्या."

एकदा तिने काहीतरी लिहून एन्टर दाबलं आणि पडद्यावर काहीच आलं नाही. मी म्हटलं, "बिघडला."

"झालं काम," ती म्हणाली. "नीट झालं की हा गप्प बसतो. चुकलं तरच बोलतो."

"म्हणजे आमचे सासरेच की," मी म्हटलं. ती हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, आणि तीही नोंद केली.

पुसायच्या बाबतीत मात्र ती गंभीर व्हायची. "इथून पुसलं की गेलं, पाक. मागून उकरून काढायला कचऱ्याची टोपली नाही. आरएम ही दोन अक्षरं म्हणजे उघडी विळी समजा. म्हणून मी याला लावून दिलंय, पुसण्याआधी प्रत्येक वस्तूला एकेकदा विचार म्हणून. वाय दाबलं की इंग्गिह. दुसरं काहीही दाबलं की नको."

आता आमचं इंग्गिह म्हणजे होकार, पण मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. त्यामुळे सगळ्यालाच इंग्गिह. लग्नाला येणार? इंग्गिह. जमिनीची हद्द सरकवू? इंग्गिह. लग्नाला कोणी जात नाही, हद्द तसूभर हलत नाही, आणि कोणी रागावतही नाही, कारण विचारणाऱ्याला सुरावरूनच कळलेलं असतं. मी वियार्तीला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "याला सूर कळत नाही, पाक. हा शब्द धरून बसतो."

शेवटी वरचा बाण. तो दाबला की आधी लिहिलेली ओळ परत येते, आणखी दाबला की त्याच्या आधीची. "कष्ट वाचतात. पण जुनी ओळ नव्या दिवशी काय करील याचा नेम नाही. एन्टर दाबण्याआधी ती वाचायची." हे सगळं तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहून माझ्यासाठी भिंतीला डकवलं. इतकं आपण होऊन कोण कोणाला शिकवतं? मी सुमिनीला म्हटलं, "कुठेतरी पाणी मुरतंय."

"तुमच्या डोक्यात मुरतंय," सुमिनी म्हणाली.

पण माझ्याकडे पुरावे होते. एक म्हणजे सेमारांग शहरातून आलेला करड्या गाडीचा माणूस. त्याला न्यी रुबिनाची गाणी विकायला हवी होती. पाक मार्तोयोंनी त्याला तीनदा इंग्गिह म्हणून वाटेला लावला. जाताना ती गाडी वियार्तीच्या दाराशी थांबलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. विचारल्यावर ती म्हणाली, "रस्ता विचारत होता." गावात रस्ता एकच आहे. दुसरं म्हणजे दर शनिवारी ती रुमालात बांधून काहीतरी चपटं घरी न्यायची.

त्या महिन्यात न्यी रुबिनाची अकरा गाणी उतरवून झाली. शेवटचं गाणं संपलं आणि बाकीच्यांसारखी त्याही कॅसेटची फीत यंत्रातच तुटली, भिजल्या कागदासारखी. म्हणजे आता ती गाणी फक्त कॉम्प्युटरवर. वियार्तीने ती 'काम' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली होती, साफ करायला. न्यी रुबिनाला सोमवारी ऐकायला बोलावलं. आणि मधले तीन दिवस वियार्ती शेजारच्या लग्नघरी रेवांगला गेली. आमच्याकडे लग्नाचा स्वयंपाक आळीतल्या बायका मिळून करतात. जिला रेवांगला बोलावणं येत नाही ती त्या आळीची नाही असं समजायचं.

तिच्या गैरहजेरीत मी काय केलं ते आता सांगतो. दुसऱ्या दिवशी दुपारची गाणी लावून दिली आणि तिच्या खुर्चीत बसलो. म्हटलं, बघू तरी ही बाई दिवसभर काय लिहीत असते. काळी खिडकी उघडली. दुसऱ्याच्या दारात गेल्यावर जे तोंडातून येतं, तेच माझ्या बोटांतून आलं. मी लिहिलं, कुलोनुवुन. येऊ का आत, असं. यंत्राने कळवलं की अशी आज्ञा त्याला माहीत नाही. शिकवणारीच शहरातली, ते तरी दुसरं काय बोलणार.

मग वरचा बाण. आधी माझंच कुलोनुवुन आलं. आणखी दाबला. तिच्या ओळी एकेक करून उलट्या येऊ लागल्या. एका ओळीवर मी थांबलो. सुरुवातीला आरएम, पुढे 'काम' फोल्डरचं नाव आणि एक फुली. ही काय पुसत होती, आणि कोणाला न सांगता? ती ओळ तिने मागच्या आठवड्यात लिहिली होती, तेव्हा फोल्डरमध्ये नुसते निकामी तुकडे होते, आणि फुली म्हणजे आतलं सगळं, हे मला आता कळतं. त्या दुपारी ती काय पुसत होती ते दिसेल म्हणून मी एन्टर दाबलं.

यंत्राने इंग्रजीत काहीतरी विचारलं. मला इंग्रजी येत नाही. पण वाक्यात रुबिना हे नाव होतं, पुढे एक आकडा, शेवटी प्रश्नचिन्ह. मला वाटलं, पहिलं गाणं दाखवू का म्हणतोय. एवढं अदबीने विचारतोय तर नको कसं म्हणायचं? मी वाय दाबलं. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा इंग्गिह म्हटलं. असं अकरा वेळा झालं. मग तो गप्प बसला. गप्प म्हणजे सगळं नीट, हे मी शिकलो होतो. बसल्या जागेवरून न सांगता उठणं बरं दिसत नाही, म्हणून पामित, येतो बरं का, असंही लिहिलं आणि खिडकी बंद केली. हाती काही लागलं नाही याचं वाईट वाटलं.

सोमवारी न्यी रुबिना आली. नवी शाल, केसांत मोगरा, सोबत दोन नातवंडं. पाक मार्तोयो होते, मी होतो. वियार्तीच्या बोटांना अजून कांद्याचा वास येत होता. तिने नावांची रांग मागवली, आणि रांग आलीच नाही. फोल्डर रिकामं होतं. तिने पुन्हा विचारलं, मी कुठे आहे. बरोबर जागी होती. मग तिने एक शब्द लिहिला आणि पडदाभर ओळींची यादी आली. ती यादीच्या शेवटाकडे बघत राहिली. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं, एकदाच. आणि झटकन दुसरा शब्द लिहून पडदा कोरा केला.

मी मनात म्हटलं, सापडली. पुरावा पुसला.

न्यी रुबिना खुर्चीच्या कडेवर बसली होती. तिने वियार्तीला जवळ ओढलं आणि कुजबुजली, "नदुक, नसेल तर नसू दे. माझ्या डोक्यात वाजतंय अजून." नदुक म्हणजे पोरी. धाकटी नात विचारत होती, आजी कधी गाणार. मला भयंकर राग आला. त्या रागात एक गंमत बघा. मनात शंकेची पाल एकदा चुकचुकली होती. त्या दिवशी आपण बसलो होतो, रुबिनाचं नाव आलं होतं, अकरा वेळा. पण आयुष्यभराची सवय. ती पाल मी धरून वियार्तीच्या घरात सोडली.

"उद्या आणते," एवढंच वियार्ती म्हणाली.

आणि मंगळवारी तिने खरंच आणली. रुमालातून चपटी डिस्क काढली, जोडली, आणि अकराच्या अकरा गाणी परत आली. न्यी रुबिनाचा चाळिशीतला आवाज त्या दोन खोल्यांत घुमला आणि म्हातारी तोंडावर शाल घेऊन रडली. नातवंडं एकदा स्पीकरकडे आणि एकदा तिच्याकडे बघत होती. खरं म्हणजे गोष्ट इथे संपायची. मी ती संपू दिली नाही.

न्यी रुबिना गेल्यावर रेडिओच्या समितीचे आम्ही पाच जण चटईवर बसलो. गोड चहा आला, कसावाच्या कंदाचे तळलेले तुकडे आले, ते कोणी खाल्ले नाहीत. मी विचारलं, "गाणी तुमच्या घरी कशी, बू?"

"दर शनिवारी नक्कल ठेवते, पाक. एकच प्रत असणं म्हणजे एकही नसणं."

"कोणाच्या परवानगीने?"

"पाक मार्तोयोंना विचारलं होतं. ते इंग्गिह म्हणाले होते."

पाक मार्तोयोंनी बोटं झटकली. "म्हटलं असेन मी तसं," ते म्हणाले. "पण ते आपलं म्हणण्यापुरतं."

मग मी करड्या गाडीचं काढलं. पडदा कोरा केल्याचं काढलं. इथली गाणी पुसायची, घरची प्रत विकायची, आणि बोभाटा झाला की आणून द्यायची. सगळा मेळ मी असा घातला की मलाच माझं कौतुक वाटलं. ती मान खाली घालून ऐकत होती. पाक मार्तोयो शेवटी म्हणाले, "बू वियार्ती, गाणी इथून तुम्ही पुसलीत का?"

तिने माझ्या पायांकडे बघितलं, चेहऱ्याकडे नाही.

"इंग्गिह, पाक," ती म्हणाली.

ते कुठल्या जातीचं इंग्गिह होतं हे पाचही जणांना कळलं. मुलाबाळांत वाढलेली, म्हाताऱ्यांत उठबस असलेली माणसं आम्ही. न कळायला काय झालं? पण आम्हाला तो शब्द सोयीचा होता. आम्ही शब्द धरून बसलो.

तिने किल्ली दिली. टेबल पुसलं. ड्रॉवरमधून माऊस काढून पुन्हा जोडला, झाकणवाला ग्लास पिशवीत टाकला आणि गेली. गावाने पुढचं काम केलं. तिच्याकडे शिवायला टाकलेले ब्लाउज बायकांनी अर्धवट शिवलेले परत नेले. पुढच्या लग्नात तिला रेवांगला बोलावणं गेलं नाही, त्याच्या पुढच्या लग्नातही नाही. तिची आई बाजारात भाजी घेताना आता कोणाशी बोलत नव्हती. मी हे बघत होतो आणि मला वाटत होतं, करावं तसं भरावं.

कॅसेटी मात्र कपाटात तशाच. दुसरा कोणी येईना. चार महिन्यांनी पाक मार्तोयो म्हणाले, "कासिरान, तुम्ही तिच्या मागे बसायचात ना? बघा जमतंय का." मी भिंतीवरचा कॅलेंडरचा कागद समोर धरून बसलो. कुठे उभा आहे ते विचारलं. कोण कोण आहे ते विचारलं. नक्कल करायची आज्ञा काही आठवेना. कागदावर सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत एक ओळ होती, तिच्याकडे मी आजवर बघितलंच नव्हतं. 'विसरलं तर हिस्टरी लिहा. आजवरचं सगळं ओळीने दिसतं.'

मी लिहिलं. पडदाभर ओळी आल्या, प्रत्येकीला आकडा. नक्कल करायची आज्ञा शोधत मी वर वर जात होतो, आणि सहाशे अकरावर माझा हात थांबला. कुलोनुवुन. सहाशे बारा: ती आरएमची ओळ. सहाशे तेरा: पामित.

सगळ्या कारांगसेपीत, सगळ्या जावात म्हणा, यंत्राच्या दारात उभं राहून येऊ का आत असं विचारणारा आणि घर धुऊन नेल्यावर येतो बरं का म्हणणारा दुसरा कोण असणार? मी खुर्चीतून उठून दाराला आतून कडी घातली. कोण येणार होतं? कोणीच नाही.

मग परत येऊन बसलो, तेव्हा त्याच्या खालच्या ओळी दिसल्या. सहाशे चौदा: एलएस. सहाशे पंधरा: पीडब्ल्यूडी. सहाशे सोळा: हिस्टरी. या मी लिहिलेल्या नव्हत्या. या सोमवारच्या, तिच्या. म्हणजे न्यी रुबिना खुर्चीच्या कडेवर बसलेली असतानाच तिने हे वाचलं होतं, आणि माझ्याकडे एकदा बघून पडदा कोरा केला होता, मागच्या कोणाला वाचता येऊ नये म्हणून. मला वाचता येऊ नये म्हणून नव्हे, तर पाक मार्तोयोंना. समितीपुढे एका वाक्यात ती सुटली असती. त्या वाक्यात माझं नाव होतं.

एवढ्या गावावर मी संशय घेतला. माझ्यावर तेवढा घ्यायचा राहिला.

आधी मी समितीकडे गेलो. सगळं सांगितलं, काही ठेवलं नाही. पाक मार्तोयो बोटं झटकत म्हणाले, "जाऊ द्या, कासिरान. जुनं झालं. सांगू सगळ्यांना हळूहळू." बाकीचे म्हणाले, "इंग्गिह, इंग्गिह." कोणीही कोणाला सांगणार नाही हे मला तिथल्या तिथे कळलं. म्हणून बाजारात, सभागृहात, मशिदीच्या पायरीवर मीच सांगत सुटलो. लोक ऐकायचे आणि म्हणायचे, पाक कासिरान किती मोठ्या मनाचे, त्या बाईला वाचवायला बघतात. संशय एकदा पेरला की तो उपटायला पेरणाऱ्याचेही हात पुरत नाहीत.

मग तिच्या दारात गेलो. उभा राहिलो, आणि तोच शब्द तोंडाशी आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो बाहेर पडेना. शिलाई मशीन थांबलं. तिने आतूनच म्हटलं, "या, पाक."

चटई घातली. चहा आणला, माझ्यासाठी वेगळ्या ग्लासात. मी म्हटलं, "सहाशे अकरा."

"हो," ती म्हणाली.

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे. पाच माणसांत कसं बोलणार होते?" तिने सुईत दोरा ओवला. "आणि मला वाटलं, तुम्ही स्वतः बघाल. कागदावर लिहून ठेवलं होतं ना."

चार महिने तो कागद माझ्या नाकासमोर होता. मी तिच्यापुढे हात जोडले, तिने ते लगेच खाली केले. मी रडलो, खोटं कशाला सांगू. ती गाडी कशाला थांबली होती तेही विचारलं. मी सुधारलो असं कोणी समजू नये. ती म्हणाली, "त्याच्या गाडीत पाणी संपलं होतं. विहिरीचा रस्ता विचारला." मग मी म्हटलं, "बू वियार्ती, उद्यापासून परत या. किल्ली तुमच्याकडेच राहील. मी मागे खुर्ची टाकणार नाही."

तिने माझ्याकडे बघितलं, या वेळी चेहऱ्याकडे, आणि हसली.

"इंग्गिह, पाक," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी लवकर जाऊन खोली झाडली. माऊस उपटून ड्रॉवरमध्ये ठेवला. तिच्या खुर्चीवरची धूळ पुसली आणि दार सताड उघडं टाकून बाहेर पायरीवर बसलो. नऊ वाजले, दहा वाजले, साडेअकरा वाजले. सुमिनी जेवणाचा डबा घेऊन आली, माझ्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिली आणि शेजारी बसली.

"कोणाची वाट बघताय?" ती म्हणाली. "ती हो म्हणाली तेव्हा तिचा आवाज तुम्ही ऐकला नाहीत का?"

"ऐकला होता," मी म्हटलं.